गुहेतल्या खोल विवरासाठी रॅपल रॅक कसा निवडायचा

रॅपलिंगचं साधन घेताना नवखा माणूस हमखास विचारतो, "हे किती वजन पेलतं?" शंभर मीटरहून खोल विवरात उतरायचं असेल, तर या प्रश्नाचं उत्तर फारसं कामाचं नाही. चांगल्या कंपनीचं कुठलंही साधन तुमचं वजन पेलतंच. विचारायचं ते वेगळंच. दोराच्या वरच्या टोकाला मला यावरून खाली सरकता येईल का? आणि त्याच दोराच्या खालच्या टोकाला मनाला येईल तिथे थांबता येईल का? दोन्हींना 'हो' म्हणणारी साधनं फार थोडी आहेत. रॅक, म्हणजे आडवे बार बसवलेली सळईची चौकट, त्यातलं जुनं आणि अजूनही सगळ्यात भरवशाचं.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर नागफणी, सांधण किंवा कोकणकड्यावर फिगर ऑफ एट (इंग्रजी आठच्या आकाराची उतरायची कडी) लावून उतरलेली मंडळी आहेत. त्यातले काही आता शिक्षण-नोकरीच्या निमित्ताने अटलांटा, नॅशव्हिल, हंट्सव्हिल या पट्ट्यात जाऊन राहिले आहेत. टेनेसी, अलाबामा आणि जॉर्जिया ही तीन राज्यं जिथे मिळतात त्या भागाला तिथले गुहावाले 'टॅग' म्हणतात. चुनखडीच्या डोंगरांत पाण्याने कोरलेली शेकडो उभी विवरं तिथे आहेत. आपल्या बेसॉल्टच्या सह्याद्रीत कडे आहेत, धबधबे आहेत, घळी आहेत. पण पोटात शिरून पावणेदोनशे मीटर सरळ खाली जाणारी विहीर नाही. त्यामुळे आपल्याकडचा रॅपलिंगचा अनुभव तिथे उपयोगी पडतो तो अर्धाच.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हा लेख रॅक निवडण्याबद्दल आहे, त्याच्या जोरावर विवरात उतरण्याबद्दल नाही. ते शिकवायला शेजारी उभं राहणारं जाणकार माणूसच लागतं.

दोराचं वजन काय करतं

रॅक १९६६ साली जॉन कोल या अमेरिकी गुहावाल्याने पुढे आणला. त्याच वर्षी २७ डिसेंबरला मेक्सिकोतल्या सोतानो दे लास गोलोंद्रिनास या विवरात पहिल्यांदा नोंद झालेला उतार झाला. सान लुईस पोतोसी राज्यातलं हे विवर काठाच्या सखल बाजूने ३३३ मीटर आणि उंच बाजूने सुमारे ३७० मीटर खोल आहे, आणि तेही पूर्ण अधांतरी. पाय टेकायला भिंतच नाही. उतार एवढे लांब झाले की दोर स्वतःच एक ओझं होतो, आणि रॅक का हवा ते या ओझ्यातून कळतं.

११ मिलिमीटरचा स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा, दोर मीटरला साधारण ८० ग्रॅम भरतो. १८० मीटर दोर म्हणजे १४ किलोच्या आसपास, ३७० मीटर म्हणजे जवळजवळ ३० किलो. ओला आणि चिखलाने माखलेला असेल तर त्याहून जास्त. तुम्ही काठावर असता तेव्हा हे सगळं वजन तुमच्या साधनाच्या खाली लोंबत असतं आणि दोर खाली ओढून धरतं. खाली उभ्या माणसाने दोर ताणून तुम्हाला ब्रेक लावावा, तसाच हा प्रकार. म्हणजे सुरुवातीला तुम्ही अडकूनच पडता. दोर हाताने उचलून साधनात भरवावा लागतो, तेव्हा कुठे वीतभर सरकता येतं.

जसजसे खाली जाता, तसतसा खालचा दोर कमी होतो आणि ब्रेक सुटत जातो. शेवटच्या तीस मीटरवर दोराचं वजन नावापुरतं उरतं. वर जे घर्षण 'फार' वाटत होतं तेच आता 'फार कमी' होतं, आणि ते नेमकं हात दमलेले असताना. फिगर ऑफ एटमध्ये घर्षण काठावर दोर घातला तेव्हाच ठरून गेलेलं असतं. मधे ते बदलायची सोय जवळपास नाही. शिवाय फिगर ऑफ एट दोराला पीळ घालतं. चाळीस मीटरवर त्याचा त्रास फारसा जाणवत नाही, पण अधांतरी १५० मीटरवर तुम्ही गरागरा फिरत राहता. आणखी एक खोट म्हणजे दोर घालताना ते हार्नेसपासून सोडवावं लागतं. काठावर, अंधारात, हातमोजे घालून.

रॅकमध्ये घर्षण वाटेतच कमी-जास्त करता येतं. रचना अगदी साधी. जाड सळई वाकवून उलट्या यूसारखी केलेली चौकट, तिचा एक पाय लांब, एक आखूड. लांब पायाच्या टोकाला हार्नेसला जोडायची आय, म्हणजे गोल कडी. चौकटीवर आडवे बार. प्रत्येक बारच्या एका टोकाला आरपार भोक असतं, ते एका पायात ओवलेलं. दुसऱ्या टोकाला खाच, ती दुसऱ्या पायावर बसते. दोर एका बारच्या पुढून, दुसऱ्याच्या मागून असा नागमोडी जातो. बार हाताने वर दाबून एकमेकांजवळ आणले की दोराला जास्त वळणं घ्यावी लागतात आणि घर्षण वाढतं. बार पसरले की घटतं. तेवढ्यानेही भागलं नाही तर खालचा एक बार काढायचा किंवा चढवायचा.

पायरी १ : आधी विवर ठरवा, मग रॅक

टॅगमधली नेहमीची नावं घेऊ. अलाबामातलं नेव्हरसिंक १६२ फूट, म्हणजे ४९ मीटर. वल्हाला २२७ फूट. फर्न केव्हमधलं सरप्राइज पिट ४०४ फूट. आणि जॉर्जियातल्या पिजन माउंटनच्या पोटातल्या एलिसन्स केव्हमध्ये दोन अवाढव्य विवरं : इनक्रेडिबल ४४० फूट आणि फँटॅस्टिक ५८६ फूट, म्हणजे १७९ मीटर. अलास्का-हवाई सोडून उरलेल्या अमेरिकेत जमिनीखालचं याहून खोल अखंड विवर नाही. मेक्सिकोत गेलात तर गोलोंद्रिनास आहेच, आणि केरेतारो राज्यात एल सोतानो, ४१० मीटर.

वर्षभरात नेव्हरसिंकच्या पुढे जाणार नसाल, तर लांबलचक रॅक घेऊन तुम्ही फक्त लोखंड वाहाल. फँटॅस्टिक मनात असेल तर आखूड रॅक घेऊन नंतर पुन्हा खर्च कराल. म्हणून पुढच्या दोन वर्षांत कुठवर जायचंय ते प्रामाणिकपणे ठरवा आणि त्याप्रमाणे घ्या.

दुसरं, दोर कसा बांधलेला असणार ते पाहा. युरोपात दोर बारीक, ८-९ मिलिमीटरचा वापरतात, आणि कुठे खडकाला घासू नये म्हणून वाटेत पुन्हा पुन्हा अँकर ठोकून त्याचे तुकडे पाडतात. या मधल्या बांधणीला रिबिले म्हणतात. दर वीस मीटरवर साधन सोडून पुन्हा लावायचं असेल तर रॅक वैताग आणतो. तिथे स्टॉपसारखं बॉबिन प्रकारचं साधन बरं. टॅगमध्ये मात्र जाड, घासायला चिवट असा दोर वर एकदाच बांधतात, काठावर पॅड टाकतात आणि तळापर्यंत सलग सोडतात. रॅक या पद्धतीसाठीच जन्माला आला. युरोपातल्या गुहावाल्या मित्राने रॅकला नावं ठेवली तर त्याच्या गुहेत त्याचं बरोबर आहे, एवढं समजून घ्यायचं.

पायरी २ : चौकट उघडी की बंद, लांब की आखूड

उघड्या चौकटीच्या रॅकला आकारावरून जे-फ्रेम म्हणतात. त्यावर साधारण सहा बार असतात. बंद चौकटीच्या छोट्या रॅकला मायक्रो रॅक म्हणतात. त्यावर बहुधा चारच बार, चौकट दोन्ही बाजूंनी बंद, आणि वजन जे-फ्रेमच्या निम्म्याच्या आसपास.

मायक्रो रॅक खिशाला आणि पाठीला हलका. साठ-सत्तर मीटरपर्यंतच्या विवरांसाठी तो छान आहे आणि अनुभवी लोक त्याच्यावर याहून बरंच खोलही उतरतात. पण बार कमी म्हणजे घर्षणाचा पल्ला कमी, आणि तापणारं धातूही कमी. नवख्याने पहिला रॅक म्हणून जे-फ्रेमच घ्यावा, असं माझं मत आहे. मायक्रो रॅक चालवायला जे हाताचं कसब लागतं ते जे-फ्रेमवरच येतं.

लांबीबद्दल दुकानात कोणी फारसं बोलत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे. जे-फ्रेम दहा-बारा इंचांपासून चौदा इंच आणि त्याच्याही पुढे मिळतात. जास्त लांब चौकट म्हणजे जास्त ब्रेक, असा समज सर्रास आढळतो. तो उलटा आहे. बारांची संख्या तीच राहिली तर लांब चौकटीचा फायदा बार *पसरायला* जागा मिळते हा. म्हणजे घर्षण *कमी* करता येतं. ३० किलोचा दोर खाली लोंबत असताना याचीच गरज असते. म्हणूनच तीन-चारशे मीटरच्या उतारांसाठी लोक दीड-दोन फुटी रॅक वापरतात, आणि नेव्हरसिंकला तोच रॅक नुसता अडगळ ठरतो. फँटॅस्टिकपर्यंतची मजल असेल तर चौदा इंचांचा, सहा बारांचा रॅक पुरतो.

तुमचं स्वतःचं वजनही इथे हिशेबात धरा. पन्नास किलोची व्यक्ती आणि नव्वद किलोची व्यक्ती यांना एकाच रॅकवर, एकाच दोरावर अगदी वेगळे अनुभव येतात. हलक्या व्यक्तीची अडचण वरच्या टोकाला. तिला बार पसरायला जागा हवी, म्हणून लांब चौकट. जड व्यक्तीची अडचण खालच्या टोकाला; तिला सहावा बार हाताशी हवा. "मला पाच बार पुरतात" असं सांगणाऱ्याला आधी वजन विचारा, मग दोराची जाडी. जुना, धुऊन धुऊन ताठर झालेला दोर हळू चालतो. नवा कोरा, गुळगुळीत दोर सुळकन पळतो.

लांब रॅकला एक शारीरिक मर्यादाही आहे. उंची कमी असेल आणि हार्नेसची जोडणी वर असेल, तर रॅकचं वरचं टोक तोंडासमोर येतं. मोकळे केस, दाढी, हेल्मेटचा लोंबता पट्टा, गळ्यातला बफ, यातलं काहीही दोराबरोबर बारमध्ये ओढलं जाऊ शकतं. केस अडकले की सोडवायला वजन काढावं लागतं, आणि अधांतरी वजन काढायचं म्हणजे जुमार (दोर पकडून वर चढायचं साधन) लावून वर चढायचं. केस बांधून कपड्यांच्या आत घाला.

पायरी ३ : बार कशाचे

यावर गुहावाल्यांमध्ये न संपणारे वाद होतात. थोडक्यात बाजू अशा.

अल्युमिनियमचे बार हलके, दोराला जास्त धरतात आणि उष्णता पटकन पसरवतात. पण ते मऊ असतात. चिखल-वाळूचे कण दोरातून येतात तसतसे झिजतात, खोबण पडते, आणि दोरावर काळपट-करडी रेघ उमटवतात. दोर, हातमोजे आणि शेवटी तुमचं नाक, सगळं काळं होतं. स्टीलचे बार जड, कमी धरणारे, पण वर्षानुवर्षं टिकणारे. पोकळ स्टीलच्या नळीचे बारही मिळतात. वजन वाचतं, पण पातळ भिंत तापायला वेळ लागत नाही आणि झिजून भोक पडायलाही.

माझी निवड मिश्र आहे. सगळ्यात वरच्या बारवर दोर पहिल्यांदा वळतो, तिथे झीज सर्वाधिक, म्हणून तो स्टीलचा. खालचे अल्युमिनियमचे. वरचा बार बाकीच्यांपेक्षा जाड असतो, साधारण एक इंच, आणि त्याच्या मधोमध उथळ खोबण असलेला घ्यावा. खोबणीमुळे दोर मधेच राहतो, सरकत जाऊन चौकटीच्या पायाला घासत नाही.

उष्णतेचा मुद्दा जरा आकड्यांत पाहू. सामानासकट ८० किलोचा माणूस फँटॅस्टिकमध्ये १७९ मीटर उतरतो तेव्हा सुमारे १४० किलोज्यूल ऊर्जा घर्षणातून उष्णता म्हणून बाहेर पडते. एक लिटर पाणी तेहतीस अंशांनी तापेल एवढी ही उष्णता आहे. तुमच्या हातात पाणी नसतं, किलोभर धातू असतो, आणि धातू पाण्यापेक्षा फार लवकर तापतो. सगळी उष्णता किलोभर अल्युमिनियममध्येच साठली असती तर ते दीडशे अंशांनी तापलं असतं. सुदैवाने बराच भाग दोर घेऊन जातो आणि काही हवेत जातो. पण हवेत जायला वेळ द्यावा लागतो. सावकाश उतरलात तर रॅक चटका देण्याइतपत तापतो. सुसाट उतरून मधेच थांबलात तर तापलेला बार दोराच्या एकाच जागी टेकून राहतो. नायलॉन सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या आसपास वितळतं, पण दोराचं आवरण चकाकायला आणि कडक व्हायला एवढंही लागत नाही. दोर तुमचा एकट्याचा नसतो. तुमच्यामागून चौघं त्याच्यावर उतरणार असतात आणि सगळे त्याच्यावरूनच वर चढणार असतात.

म्हणून लांब उतारासाठी धातू 'जास्त' असलेला रॅक बरा. वजन वाचवण्याची हौस इथे करू नका.

पायरी ४ : खाच, हायपर बार आणि आय

खाच दोन प्रकारची असते. सरळ खाचेचा बार दोराचा ताण गेला की सहज सुटून बाजूला होतो. तिरक्या खाचेचा बार एकदा बसवला की हाताने ढकलल्याशिवाय निघत नाही. नवख्याला तिरक्या खाचेचे बार त्रासदायक वाटतात, पण वापरात नसलेला बार आपोआप लटपटत नाही ही सोय मोठी आहे.

हायपर बार म्हणजे चौकटीच्या बाहेर दोन-तीन इंच डोकावणारा लांब बार. त्याच्याभोवती दोराचा वेढा टाकला की ब्रेक एकदम वाढतो, आणि रॅक लॉक करणं, म्हणजे हात सोडला तरी सरकणार नाही असा अडवणं, फार सोपं होतं. साध्या रॅकवरही लॉक करता येतं. दोर वर नेऊन चौकटीभोवती गुंडाळायचा आणि गाठ मारायची. पण थंडीने बोटं आखडलेली असताना हायपर बारवर वेढा टाकणं वेगळंच सुख आहे. असा बार असलेला रॅक थोडा महाग पडतो. घ्या.

आय दोन तऱ्हेची, सळई गुंडाळून केलेली किंवा वेल्ड केलेली. एका माणसासाठी दोन्ही पुरतात; मला वेल्ड केलेली बरी वाटते. तिची दिशा मात्र तपासून घ्या. काही रॅकमध्ये आय चौकटीच्या पातळीतच असते, काहींमध्ये काटकोनात वळवलेली. कुठली बरी हे तुमच्या हार्नेसच्या जोडणीवर ठरतं. रॅक लावून दोरावर बसल्यावर बार डोळ्यांना स्पष्ट दिसले पाहिजेत आणि ज्या हाताने बार काढ-घाल करणार त्या हाताला खाचेची बाजू सहज पोचली पाहिजे. हार्नेस दुकानात घेऊन जा. ऑनलाइन मागवत असाल तर ज्याच्याकडे तसाच हार्नेस आहे त्याचा रॅक आधी लावून बघा.

पायरी ५ : जुना रॅक मिळत असेल तर

रॅक वर्षानुवर्षं टिकतो, त्यामुळे वापरलेले रॅक मिळतात आणि स्वस्तही असतात. घ्यायला हरकत नाही, पण पुढच्या गोष्टी उजेडात बघा :

- चौकट समोरून आणि बाजूने पाहा. दोन्ही पाय समांतर हवेत. फाकलेली किंवा पिळलेली चौकट नको, 'थोडीशीच' असली तरी.
- आयच्या वेल्डिंगवर तडा किंवा गंज.
- आखूड पायाच्या टोकाचा नट जागेवर आहे ना, आटे शाबूत आहेत ना.
- बारांवरची खोबण. खोल गेलेले बार सरळ बदला. सुटे बार मिळतात. कंपनीने झिजेची मर्यादा दिली असेल तर तीच प्रमाण.
- खाचेच्या कडा. झिजून रुंद झालेली खाच ताणाखाली पायावरून निसटू शकते.
- बार खाली-वर मोकळे सरकतात का. चिखल वाळून अडकले असतील तर धुतल्यावर पुन्हा तपासा.

रॅक कुठे आणि कसा वापरला हे विकणाऱ्याला विचारा. उंचावरून पडलेला असेल आणि तो लपवत नसेल, तर त्याचे आभार मानून रॅक परत द्या.

पायरी ६ : जमिनीवरची उजळणी

रॅक घरी आला की पहिले काही आठवडे तो झाडाला किंवा घराच्या तुळईला बांधलेल्या चार मीटर दोरावर घालवा. पाय जमिनीला टेकले पाहिजेत.

पहिलं काम, उलटा दोर घालून बघा. मुद्दाम. रॅकमध्ये दोर चुकीच्या बाजूने ओवला तर बार चौकटीवर दाबले जाण्याऐवजी चौकटीपासून दूर ढकलले जातात, आणि वजन पडताच एकामागून एक फटाफट उघडतात. शेवटी तुमच्या आणि तळाच्या मधे काहीच उरत नाही. अमेरिकेत या प्रकाराला 'डेथ रिग' म्हणतात. एकदा जमिनीवर ते उघडणं पाहिलं, त्याचा आवाज ऐकला, की काठावर दोर ओवताना नजर आपोआप खाचांकडे जाते. योग्य ओवण्याची खूण एकच : दोराचा ताण प्रत्येक खाच पायावर *बसवतो*. म्हणूनच काठावर दोर ओवल्यावर, सुरक्षेची दुसरी दोरी अजून लावलेली असतानाच, रॅकवर पूर्ण वजन टाकून बघायचं आणि मगच ती दुसरी दोरी काढायची. हा नियम मोडणारा कितीही अनुभवी असो, त्याच्याबरोबर जाऊ नका.

मग बार काढणं-चढवणं. ब्रेकचा हात दोरावरून न सोडता. दुसऱ्या हाताने बार पसरणं आणि दाबणं. चारपेक्षा कमी बारांवर कधीही नाही, वरच्या टोकाला कितीही अडकलात तरी. तिथे बार काढण्याऐवजी पसरा आणि दोर हाताने भरवा. काठ ओलांडताना धीर धरा. जड दोर असताना पहिले दहा मीटर जायला लागणारा वेळ पाहून वरचे लोक कुरकुर करतात, त्यांना करू द्या.

मग लॉक. डोळे मिटून, दोन्ही हातमोजे घालून, पंधरा-वीस सेकंदांत जमेपर्यंत. आणि मग चेंजओव्हर, म्हणजे रॅकवरून जुमारवर येऊन वर चढायला लागणं, आणि तिथून परत रॅकवर. गुहेतल्या रॅपलिंगमध्ये आणि आपल्याकडच्या कड्यावरच्या रॅपलिंगमध्ये हाच मोठा फरक आहे. कड्यावरून उतरलात की खाली गाव असतं, चालत घरी जाता. विवरातून बाहेर पडायची वाट म्हणजे तोच दोर. दोरावर चढता येत नसेल तर उतरण्याचा प्रश्नच येत नाही. रॅक घेण्याआधी जुमारचा संच घ्या आणि चढायला शिका, असं मी उलट क्रमाने सांगतो ते यामुळेच.

हे सगळं पाठांतरासाठी नाही. २०११ च्या फेब्रुवारीत एलिसन्स केव्हमध्येच दोन विद्यार्थी पाण्याच्या माऱ्याखाली दोरावर अडकले आणि थंडीने दगावले. विवर फँटॅस्टिकएवढं नव्हतं, सव्वाशे फुटांच्या आसपासचं होतं. गुहेतलं पाणी गार असतं, आणि ते वरून सतत अंगावर पडत असेल तर हात काम करेनासे व्हायला फार वेळ लागत नाही. लॉक आणि चेंजओव्हर विचार न करता झाले पाहिजेत ते अशा वेळेसाठी. पाणी पडणाऱ्या विवरात पावसानंतर उतरू नये हे तर आहेच.

खालून दोर ओढून धरणारा माणूस, म्हणजे बॉटम बिले, याबद्दल आपल्याकडे फार विश्वास असतो. चाळीस-पन्नास मीटरपर्यंत तो ठीक. १८० मीटरवर खालच्या माणसाने ओढलं तरी दोराचा ताण वर पोचेपर्यंत तुम्ही बरेच खाली आलेले असता. शिवाय त्याला तुमच्याकडून सुटणाऱ्या दगडांच्या टप्प्यात उभं राहावं लागतं. आणि पहिला उतरणारा? त्याच्यासाठी खाली कोणीच नसतं. रॅक तुमच्याच हातात थांबला पाहिजे.

पायरी ७ : टप्प्याटप्प्याने खोल

अमेरिकेतल्या नॅशनल स्पेलिऑलॉजिकल सोसायटीचं मुख्यालय हंट्सव्हिललाच आहे. तिच्या स्थानिक शाखांना ग्रोटो म्हणतात. नवख्यांना उभ्या दोराचं काम शिकवणारी माणसं तिथे भेटतात, आणि वेगवेगळ्या तऱ्हेचे रॅक हाताळायलाही मिळतात. रॅक विकत घेण्याआधी ग्रोटोच्या सरावाला जाऊन चार जणांचे रॅक वापरून बघणं हा पैसे वाचवायचा उत्तम मार्ग.

मग नेव्हरसिंक. विवर उघड्यावर, उजेडात, फर्नने वेढलेलं, नवख्यासाठी छान. ते साउथईस्टर्न केव्ह कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या मालकीचं आहे आणि परवाना काढावा लागतो. तिथे रॅकचा अंदाज येतो : किती बारांवर मी सरकतो, किती बारांवर थांबतो. हे एका वहीत लिहून ठेवा. दोराची जाडी, नवा की जुना, ओला की कोरडा हेही. पुढचं विवर दुपटीपेक्षा जास्त खोल नको, असा माझा ढोबळ हिशेब आहे. वल्हाला, मग शंभर मीटरच्या पुढचं एखादं, मग फँटॅस्टिक. तिथे अंधार असतो, तळ दिसत नाही, आणि वेगाचा अंदाज फक्त दोराच्या आवाजावरून आणि रॅकच्या उबेवरून घ्यावा लागतो.

वटवाघळांमुळे काही गुहा वर्षातला काही काळ किंवा कायमच्या बंद असतात. व्हाइट-नोज सिंड्रोम हा बुरशीचा रोग २००६ पासून अमेरिकेत पसरला आणि त्याने वटवाघळांची प्रचंड हानी केली. एका गुहेतला चिखल दुसऱ्या गुहेत नेऊ नये म्हणून दोर, हार्नेस, कपडे आणि रॅक प्रत्येक वेळी तिथल्या नियमांप्रमाणे धुऊन निर्जंतुक करावे लागतात. बारांच्या भोकांत आणि खाचांत चिखल हटकून राहतो. जुन्या टूथब्रशने काढा. गोलोंद्रिनासला हजारो पक्षी सकाळी बाहेर पडतात आणि संध्याकाळी परततात. त्या वेळा सोडूनच दोर टाकायचा असतो आणि तिथल्या गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायचं असतं.

तळाशी पोचल्यावरची एक छोटी गोष्ट. रॅक गरम असतो आणि दोर ताणलेला. गुडघे वाकवून थोडं खाली बसा, म्हणजे दोर सैल होईल, आणि लगेच बार उघडून दोर मोकळा करा. उघड्या हाताने बार धरू नका, आणि रॅक मांडीवर टेकू देऊ नका. मग दगडांच्या टप्प्याबाहेर जा आणि तिथून वर कळवा की दोर मोकळा आहे. १७९ मीटर खालून मारलेली हाक वर नुसता घुमणारा आवाज म्हणून पोचते. शिट्टीच्या खुणा किंवा वॉकीटॉकी आधीच ठरवून ठेवा.